नखाएवढं झाकण

शनिवारी संध्याकाळी पाचाला सात मिनिटं कमी असताना झाकणकाकांना झाकण उघडेना.

हे कुणाला सांगून पटलं नसतं. काका पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचत, आणि जमिनीतल्या मीटरवरची झाकणं उघडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गंजलेलं, चिखलात रुतलेलं, झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं, कसलंही झाकण असो. काका उकिडवे बसत, लोखंडी हुकाने दोन बाजूंनी टकटक करत, कानोसा घेत आणि एका झटक्यात ते उलथवत. एकतीस वर्षांत लोक त्यांचं खरं नाव विसरले होते. आज त्याच माणसाला नखाएवढं झाकण दाद देत नव्हतं.

हे झाकण होतं पाटीच्या पाठीवर. दोन वर्षांपूर्वी खात्यातल्या वह्या गेल्या आणि प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आला. मीटरचा आकडा टाकायचा, ‘नोंद’ दाबायचं, काम झालं. सगळे त्याला पाटी म्हणत. सुट्टीला आलेल्या लेकीने ती पाटी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, “बाबा, यात गाणी वाजतील की!” तिने चाळीस गाण्यांचं एक इवलंसं कार्ड मागच्या झाकणाखाली बसवलं. काकांचे हात कायम चिखलाचे, म्हणून अशी सोय केली की ‘नोंद’ दाबली की आपोआप गाणं सुरू. काकू शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, “मलाही बोलू दे त्यात. हे दिवसभर बाहेर, यांना पाणी प्यायची शुद्ध नसते.” म्हणून दर आठ गाण्यांनंतर काकूंचा आवाज, असे पाच आवाज लेकीने पेरले.

तेव्हापासून काकांचे दिवस मजेत चालले होते. कानात गाणं, डोक्यावर आभाळ, हातात हुक.

पण आठ महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. त्यांचा आवाज असा की फायली आपोआप उघडाव्यात. त्यांनी भिंतीवर कागद लावला, ‘पाटीचा खासगी वापर करणाऱ्याची रवानगी तळघरात.’ तळघरात जुन्या वह्या होत्या, एक दिवा होता, आणि पाटीवर पत्ते खेळताना सापडलेला एक सहकारी होता. तो जेवायला वर यायचा तेव्हा घुबडासारखे डोळे मिचकावायचा. काकांच्या नोकरीचे चौदा महिने उरले होते. ते उजेडात काढायचे, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

दर शनिवारी पाचला सगळ्या पाट्या कॉम्प्युटरवालीकडे जमा होत. ती त्या एका रॅकमध्ये खोचून ठेवी आणि सोमवारपर्यंत एकीतलं सगळं सगळ्यांत उतरे, म्हणजे कुणी आजारी पडला तर त्याची गल्ली दुसऱ्याला सांभाळता यावी. म्हणून काका दर शनिवारी आठवणीने कार्ड काढून खिशात टाकत. या शनिवारी बघतात तो झाकणावर चिकटपट्टी! तीसुद्धा पाइपांना लावतात तसली, जाड, काळी.

काकांनी नखं लावली. किल्ली लावली. शेवटी दात लावले.

“काका, खाताय काय पाटी?” कॉम्प्युटरवालीने दारातून विचारलं.

“धूळ... जरा धूळ काढत होतो.”

“दातांनी? द्या इकडे. पाचला मला कुलूप लावायचंय.”

आणि तिने पाटी काढून घेतली.

घरी आल्यावर काकांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “अगं, त्या बक्षिसाला पट्टी कशाला लावलीस?”

बक्षीस म्हणजे पाटी. इथे एक कबूल करायला हवं. पाटी पहिल्यांदा घरी आणली त्या दिवशी काकू दुसऱ्या कशावरून तरी रुसल्या होत्या. वातावरण निवळावं म्हणून काका बोलून गेले होते की खात्याने चांगल्या कामाबद्दल हे बक्षीस दिलंय. काकूंनी तिला लोकरीचं आवरण विणलं. मग खरं सांगायची वेळ निघून गेली, ती गेलीच.

“झाकण हलत होतं,” काकू म्हणाल्या. “पडलं असतं म्हणजे? का हो, काय झालं?”

“काही नाही. छान बसलीये पट्टी.”

रविवारी काकांना घास गोड लागला नाही. पकडले गेलो तर तळघर आणि घरी बक्षिसाचा बोभाटा, दोन्ही एकदमच.

सोमवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी हजर झाले. पाट्या रॅकमध्ये निमूट बसल्या होत्या. साहेब दिसले नाहीत. वरच्या कार्यालयातून मोठे साहेब तपासणीला आले होते आणि त्यांना नवं काम दाखवायला साहेब आपली पाटी घेऊन गोल बागेकडे गेले होते. काकांनी आपली पाटी घेतली, पहिल्या गल्लीत गेले, झाकण उघडलं, आकडा टाकला, नोंद दाबली. कानात नेहमीचं गाणं सुरू झालं. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उगाच दोन रात्री तळमळलो!

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या वस्तीतले मीटर वाचणारा लंबू होता.

“काका, माझ्या पाटीत बाई आहे.”

“कसली बाई?”

“नोंद दाबली की बोलते. आत्ता म्हणाली, ‘अहो, पाणी प्या. बाटली भरलेली परत आणलीत तर याद राखा.’”

“मग?”

“मग काय, प्यायलो.”

“अरे, प्यायलास कशाला?”

“असं म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणाल? हुबेहूब माझ्या बायकोचा आवाज हो! मी आधी मागे वळून पाहिलं. नंतर आठवलं, ती माहेरी गेलीये.”

“आणि गाणी?” काका बोलून गेले.

“गाणी? गाणी कुठली, काका?”

काकांनी फोन ठेवला आणि घाईने कॉम्प्युटरवालीला लावला.

“सहज विचारतो हं. एखाद्या पाटीत, समज, आवाज वगैरे असले, तर तेही सगळ्यांत उतरतात?”

“उतरणारच. एकीतलं सगळं सगळ्यांत. आणि नावाच्या क्रमाने लागतं, अ आधी. का हो?”

काकांनी डोळे मिटले. लेकीने काकूंच्या आवाजांना नावं दिली होती, ‘अहो एक’, ‘अहो दोन’, अशी पाचपर्यंत. काकांच्या पाटीत तिने हाताने क्रम लावला होता, इतरांच्या पाटीत तो नव्हता. तिथे गाण्यांच्या आधी काकूच. तेही इअरफोनशिवाय, उघड्यावर.

“साहेबांच्या पाटीतसुद्धा?” काकांनी विचारलं.

“साहेबांच्या तर सगळ्यांत आधी.”

काकांनी मनात उजळणी केली. पहिल्या नोंदीला पाणी. दुसऱ्या नोंदीला शर्टाचं बटण. तिसऱ्या नोंदीला गोळी. चौथ्या नोंदीला, कुणावर ओरडू नका. इथवर एक वेळ खपून जाईल. पण पाचवी! पाचवा आवाज काकूंनी नवे साहेब आल्यावर लेकीकडून बदलून घेतला होता आणि त्यात प्रत्यक्ष साहेबांबद्दल बोलून ठेवलं होतं.

काकांनी सायकल काढली. गुडघे करकरत होते, पण तळघर डोळ्यांसमोर होतं. गोल बागेपाशी पोचले तेव्हा साहेब आणि मोठे साहेब एका घराच्या फाटकातून बाहेर येत होते. साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं. मोठ्या साहेबांचंही. म्हणजे दुसरी नोंद होऊन गेली होती.

“तुमची गल्ली सोडून इथे काय करताय?” साहेब गरजले.

“साहेब, तुमची पाटी... बिघडली असावी. मी बदलून आणतो. द्या.”

“बिघडलेली नाही!” साहेब घाईघाईने म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काकांनी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

मोठे साहेब हसून म्हणाले, “बिघडेल कशी? छान योजना आहे तुमच्या साहेबांची. उन्हात फिरणाऱ्या माणसांना मधूनमधून काळजीचे दोन शब्द! मी विचारलं, ही कल्पना तुमचीच का? म्हणाले, हो.”

काका साहेबांकडे बघू लागले. साहेब आभाळाकडे बघू लागले.

तिसऱ्या घरी काकांच्या देखत नोंद झाली. काकूंचा आवाज अंगणभर घुमला. “अहो, गोळी! पांढरी. पिवळी नाही. पिवळी रात्रीची.” मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, खिशातून डबी काढली आणि खरोखरच एक गोळी गिळली. “बरं झालं आठवण झाली,” ते पुटपुटले.

चौथ्या घराचं झाकण साहेबांना उघडेना. “आता आलाच आहात तर उघडा,” ते काकांना म्हणाले.

आता आली का पंचाईत! उघडावं तर आपल्याच हाताने आपली फजिती जवळ आणायची. काकांनी हुक घातला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच खोटं खोटं कण्हले. “घट्ट आहे, साहेब. आजचा दिवस नाही उघडायचं हे.”

“अहो, सरकलं ना ते!” घरमालकीण व्हरांड्यातून ओरडली. “मागच्या खेपेला तुम्ही एका हाताने उघडलं होतंत. म्हातारे झालात का काय?”

“झाकणकाका म्हणतात ते हेच ना?” मोठ्या साहेबांनी विचारलं. “मी वेगळंच ऐकलं होतं.”

माणूस नोकरीवर पाणी सोडेल, पण नावावर? काकांच्या मनगटाने काकांना न विचारताच झटका दिला. झाकण उलथलं. साहेबांनी नोंद दाबली. “अहो, कुणावर ओरडू नका. प्रेशर तुमचं वाढतं, त्यांचं काही जात नाही.”

साहेब काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. त्यांनी ते मिटलं.

पाचव्या घरी तर झाकण उघडंच होतं. फुटकं, बाजूला पडलेलं. काकांना काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. ते कुंपणाला धरून उभे राहिले. साहेबांनी आकडा टाकला. बोट ‘नोंद’कडे गेलं.

“साहेब, नको!” काका म्हणाले.

बोट टेकलं.

“अहो,” काकूंचा आवाज आला, अगदी शांत, घरात भाजी निवडताना बोलतात तसा. “तो नवा साहेब ओरडला तर मान खाली घाला आणि मनात शंभर मोजा. ओरडणारा माणूस आतून घाबरलेला असतो. घाबरलेल्याला काय घाबरायचं?”

साहेबांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. त्यांना ओरडायचं होतं, हे अगदी दिसत होतं. पण ओरडावं तर मोठ्या साहेबांसमोर घाबरलेले ठरणार, आणि योजना आपली नाही म्हणावं तर खोटे ठरणार.

मोठे साहेब म्हणाले, “हे वाक्य आमच्याकडेही पाठवून द्या. वर फार गरज आहे.”

चार वाजता साहेबांनी बाराही जणांना आपल्या खोलीत उभं केलं. टेबलावर पाट्या मांडलेल्या. साहेब आज ओरडत नव्हते, आणि त्यामुळे सगळ्यांची जास्तच पाचावर धारण बसली होती.

“हा आवाज कुणाच्या घरचा आहे?”

खरं सांगायचं तर काकांखेरीज कुणाला माहीतच नव्हतं. बाकी प्रत्येकाला तो आपल्याच घरचा वाटत होता. लंबू तर मघापासून विचारात पडला होता की माहेरी बसून बायकोने हे साधलं कसं.

“ठीक आहे. मी आवाज लावतो. ज्याच्या घरचा असेल तो आपोआप कळेल.” साहेबांनी पाटी उचलली. “अहो, वरचं बटण लावा. गळा उघडा टाकून कुठे निघालात?”

बारा हात बारा गळ्यांशी गेले. तेरावा साहेबांचा होता. त्यांनी तो मध्येच थांबवून कान खाजवला.

“हं,” ते म्हणाले आणि पुढचा आवाज लावला. “अहो, गोळी! पांढरी. पिवळी नाही.”

अकरा जण नुसते उभे राहिले. झाकणकाकांना मात्र आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांचा हात खिशात जाऊन बाहेर आला होता, आणि दोन बोटांत पांढरी गोळी होती.

साहेबांनी गोळीकडे पाहिलं. “बाकीचे जा. काका, तुम्ही थांबा. आणि ती घ्या आधी. पाणी तिथे आहे.”

काकांनी गोळी घेतली. दार लागलं. लंबूने जाता जाता अशा नजरेने पाहिलं की जणू काकांना पोचवायलाच आलाय. काका मान खाली घालून मनात मोजू लागले. एक, दोन, तीन...

“मोजताय?” साहेबांनी विचारलं.

“हो, साहेब.”

“थांबवा.” साहेब खुर्चीत बसले. “काकूंनी मला कधी पाहिलंय?”

“नाही, साहेब.”

“मग त्यांना कसं कळलं? घाबरल्याचं?”

“एकतीस वर्षांत तिने माझ्या तोंडून नऊ साहेब ऐकलेत.”

साहेबांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. नंतर म्हणाले, “मोठे साहेब आले की मला दोन दिवस आधीपासून जेवण जात नाही. असो. कामाचं बोलू. पाटीत गाणी घातलीत. नियमाप्रमाणे तळघर.”

“हो, साहेब.”

“पण योजना माझी आहे, असं मी सांगून बसलोय. पुढच्या महिन्यात त्यांना नवे आवाज हवेत. वीसेक तरी. तुम्ही तळघरात गेलात तर ते आवाज मी कुठून आणू?” त्यांनी पाटी काकांच्या हातात ठेवली. “गाणी आजच्या आज काढली आहेत. तेराच्या तेरा पाट्यांतून. आवाज राहतील. तुम्ही बाहेरच राहा. मात्र काकूंना विचारून या.”

काका रस्त्यावर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. चौदा महिन्यांचा उजेड शाबूत राहिला होता. आता फक्त घरी खरं सांगायचं उरलं होतं, आणि त्यापेक्षा तळघर सोपं, असं त्यांना दर चौकात वाटत होतं.

काकू दारातच होत्या. काकांनी चपला काढल्या, घसा खाकरला आणि एका दमात सांगून टाकलं. “अगं, ते बक्षीस नव्हतं. खात्याचीच वस्तू होती ती. मी खोटं बोललो.”

“माहितीये,” काकू म्हणाल्या. “पाय धुऊन घ्या.”

“माहितीये? कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. मागच्या झाकणावर बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘कार्यालयाची मालमत्ता’. बक्षिसावर असं कोण लिहितं? शुक्रवारी शेजारीण यायची होती. मी तिला सांगून ठेवलेलं, ह्यांना बक्षीस मिळालंय. तिने हातात घेऊन उलटं केलं असतं म्हणजे? म्हणून लावली पट्टी. चांगली पाइपाची लावली, ती नखाने काढील म्हणून.”

काका ओल्या पायांनी मोरीतच उभे राहिले. दोन दिवसांचा ताप, सायकलवरची धाप, खोटं खोटं कण्हणं, सगळं त्या पट्टीपायी. आणि ती पट्टी त्यांची लाज राखायला लावलेली. रागावायचं तर कुणावर?

“बरं, साहेब काय म्हणाले?” काकूंनी विचारलं.

“गाणी काढली. तुझा आवाज ठेवलाय. सगळ्यांच्या पाटीत. आणि आणखी वीस हवेत.”

काकूंनी पदर सावरला. काकांना वाटलं, लाजल्या. मग त्या म्हणाल्या, “आधी सांगायचं होतंत. त्या दिवशी माझा घसा बसलेला होता.”

साहेबांनी वीस मागितले, काकूंनी चौतीस दिले. कॉम्प्युटरवालीने ते सगळ्या पाट्यांत भरले, आणि कार्डाच्या झाकणावर साहेबांच्या हुकमाने लाखेचं सील बसलं.

पुढच्या सोमवारी काका पहिल्या गल्लीत उकिडवे बसले. गल्ली तीच, हुक तोच, पण कान रिकामे. करमेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग झाकणावर हुकाने ठेका धरत त्यांनी चाळीस गाण्यांतलं आपलं आवडतं गाणं गुणगुणायला सुरुवात केली, आणि रंगात येऊन, एका झटक्यात झाकण उलथवून, आकडा टाकून नोंद दाबली.

“अहो,” पाटी म्हणाली, “गाऊ नका. लोक बघतात.”